ट्रेसला टर्मिनेशन कधी लागतं? मेगाहर्ट्झ बाजूला ठेवा, एज बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार लेअरचा बोर्ड, ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर, त्याच्यापासून ९ सेंटिमीटरवर एसपीआय फ्लॅश (मेमरी चिप), क्लॉक १० मेगाहर्ट्झ. एक सीनिअर म्हणतात, "५० मेगाहर्ट्झच्या खाली टर्मिनेशनचा विचारसुद्धा करू नकोस." दुसरे म्हणतात, "प्रत्येक ट्रेसमध्ये ३३ ओहम टाक आणि मोकळा हो." आणि शुक्रवारी गर्बर, म्हणजे बोर्ड बनवायच्या फाइली, पाठवायचे आहेत.

ट्रेस म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, एज म्हणजे सिग्नलची झिरोवरून वनवर किंवा उलट उडी, आणि टर्मिनेशन म्हणजे सिग्नल ट्रेसमध्ये मागे-पुढे आपटत राहू नये म्हणून लावलेला रेझिस्टर. तुमच्या बोर्डापुरतं उत्तर आधी देऊन टाकतो. क्लॉकला सिरीज रेझिस्टर हवा, मायक्रोकंट्रोलरच्या पिनला अगदी चिकटून. डेटाच्या दोन्ही लाइनींवर रेझिस्टरची जागा ठेवा. चिप सिलेक्टला, म्हणजे 'आता तुझ्याशी बोलतोय' हे फ्लॅशला सांगणाऱ्या लाइनला, काही नको. आता हे का, ते नीट सांगतो, कारण पुढच्या बोर्डावर अंतर बदलेल, लेअर बदलतील, आयसी बदलेल आणि हे उत्तरही बदलेल.

या विषयात मला नळाचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. जुन्या इमारतीत वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह बंद झाला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. तोच पाइप, तेच पाणी, पण फिरकीचा जुना नळ हळूहळू आवळला तर काहीच ऐकू येत नाही. नळ बंद झाल्याची बातमी पाण्यातून गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायला काही मिलिसेकंद लागतात. नळ त्याच्या आत बंद झाला तर दाबाचा पूर्ण तडाखा बसतो. सावकाश बंद झाला तर परत आलेली लाट तो तडाखा वाढता वाढताच कमी करते. नळ दिवसातून दोनदा बंद करता की दोनशे वेळा, याचा त्या आवाजाशी काही संबंध नाही. तुमचे ५० मेगाहर्ट्झवाले सीनिअर नळ किती वेळा बंद होतो ते मोजत आहेत. मोजायचं असतं ते, तो किती झटक्यात बंद होतो आणि पाइप किती लांब आहे.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी ज्या काळात हात बसवला तेव्हा हा नियम चालायचा. सीडी४००० मालिकेच्या आयसींची एज ५ व्होल्टला १०० नॅनोसेकंदांच्या घरात असते. तिच्या हिशेबाने पावणेतीन मीटरचा ट्रेससुद्धा आखूडच ठरतो. त्या काळात हळू क्लॉक म्हणजे हळू एज असंच असायचं. आज १० मेगाहर्ट्झ काय आणि १० किलोहर्ट्झ काय, पिन तीच, तिच्यामागचे ट्रान्झिस्टर तेच आणि एजही तीच. बटण दाबल्यावर एकदाच हलणारी लाइनसुद्धा एका नॅनोसेकंदात उडी मारते.

आता तुमचे आकडे. एफआर-४ वर, म्हणजे बोर्डाच्या नेहमीच्या मटेरियलवर, बाहेरच्या लेअरवरचा सिग्नल सुमारे ६ पिकोसेकंदांत १ मिलिमीटर जातो, आतल्या लेअरवर ७ लागतात. तुमचे ९० मिलिमीटर म्हणजे एका बाजूला ५४० पिकोसेकंद, जाऊन-येऊन जवळपास १.१ नॅनोसेकंद. आजच्या मायक्रोकंट्रोलरची पिन पूर्ण ताकदीवर ठेवली तर एज साधारण १ ते दीड नॅनोसेकंदाची निघते. मी १.२ धरतो. कामाचा नियम असा की एका बाजूचा प्रवास राइज टाइमच्या (एजला चढायला लागणाऱ्या वेळेच्या) सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त झाला की ट्रेसला लाइन समजायचं, साधी तार नाही. १.२ चा सहावा हिस्सा ०.२ नॅनोसेकंद, म्हणजे साधारण ३३ मिलिमीटर. तुम्ही ९० वर आहात.

सहाच का, असं विचारलंत तर त्यात पावित्र्य काही नाही. एका बाजूचा प्रवास राइज टाइमच्या निम्म्यावर गेला की परावर्तन पूर्ण उंचीचं दिसतं, कारण एज संपेपर्यंत परतीची लाट पोचलेलीच नसते. निम्मा आणि सहावा यांच्यामध्ये ते अर्धंमुर्धं दिसतं. सहाव्याच्या खाली ते एजच्या चढणीतच विरघळून जातं. कुणी चौथा हिस्सा धरतात, तेही चालतं. ५ नॅनोसेकंदांच्या एजला १४ सेंटिमीटरपर्यंत मोकळीक मिळते, १ नॅनोसेकंदाच्या एजला तीनपेक्षा थोडी कमी आणि ०.३ ला जेमतेम ८ मिलिमीटर. हे तीन आकडे डोक्यात ठेवले की लेआउट बघताना कॅल्क्युलेटर काढावा लागत नाही.

खरी अडचण म्हणजे राइज टाइम सापडत नाही. डेटाशीटमध्ये तो ३० किंवा ५० पिकोफॅरड लोडला आणि 'मॅक्सिमम' म्हणून दिलेला असतो. आपल्याला नेमका उलटा, सगळ्यात जलद आकडा हवा असतो आणि फ्लॅशच्या पिनवर लोड असतो ५-६ पिकोफॅरडचा. म्हणून उत्पादकाच्या साइटवरून त्या आयसीची आयबिस फाइल (पिनांच्या वागणुकीचं मॉडेल) उतरवा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. त्यात 'रॅम्प' नावाचा भाग असतो, तिथे टिपिकल, मिनिमम, मॅक्सिमम अशा तिन्ही एज लिहिलेल्या असतात, फक्त त्या २० ते ८० टक्क्यांमधल्या असतात एवढं ध्यानात ठेवा. सिम्युलेटर नसला तरी ही फाइल वाचायला काही अडत नाही.

आता टर्मिनेशन नसेल तर काय होतं ते आकड्यांतच बघू. ड्रायव्हरचा, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या पिनचा, आतला रोध २० ओहम, लाइन ५० ओहम (हा तिचा इम्पिडन्स, लाटेला पुढे जाताना जाणवणारा रोध), दुसऱ्या टोकाला सीमॉस इनपुट, म्हणजे जवळजवळ उघडं टोक. पिन ३.३ व्होल्टला उडी मारते तेव्हा तिला टोकाला काय आहे हे माहीत नसतं, समोर फक्त ५० ओहमची लाइन दिसते. म्हणून २० आणि ५० च्या वाटणीत लाइनवर २.३६ व्होल्ट निघतात. उघड्या टोकावर ते दुप्पट होतात: ४.७१ व्होल्ट. परतलेली लाट ड्रायव्हरशी येते, तिथे (२० − ५०) ÷ (२० + ५०) म्हणजे उणे ०.४३ पट होऊन उलटी फिरते. पुढच्या फेरीत टोकावर २.६९ व्होल्ट, मग ३.५६, मग ३.१९, मग ३.३५. पाच फेऱ्यांत थंड.

२.६९ हा आकडा बघा. इनपुटला 'वन' वाटायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे २.३१ व्होल्ट लागतात. थोडक्यात वाचलो. आता ड्रायव्हर जरा दणकट घ्या, १० ओहमचा. पहिली उडी ५.५ व्होल्टपर्यंत जाते आणि पुढच्या फेरीत टोकावर येतात १.८३ व्होल्ट. ना धड वन, ना धड झिरो. इनपुटमधले क्लॅम्प डायोड वरचा शेंडा छाटतात त्यामुळे प्रत्यक्षात इतकं टोकाचं दिसत नाही, पण क्लॉकच्या पिनला एका एजच्या दोन एज दिसायला एवढं पुरतं. दणकट ड्रायव्हर म्हणजे चांगला सिग्नल, ही समजूत इथे अंगाशी येते.

आणि म्हणूनच क्लॉक आणि डेटा यांना एकाच मापाने मोजायचं नसतं. तुमच्या डेटा लाइनवर रिंगिंग, म्हणजे ही वर-खाली थरथर, झाली तरी १० मेगाहर्ट्झला अर्धा आवर्तकाळ ५० नॅनोसेकंदांचा आहे. रिंगिंग पाच-सहा नॅनोसेकंदांत शांत होतं. फ्लॅश डेटा वाचते तोवर तिथे सगळं सामसूम. क्लॉकला मात्र ही मुभा नाही, कारण तिथे लाइन हलणं हीच घटना असते. रिसेट, इंटरप्ट, राइट स्ट्रोब, लॅच या सगळ्या त्याच जातीच्या. टर्मिनेशन लागतं का, या प्रश्नाचा अर्धा भाग लांबीचा आहे आणि अर्धा भाग, समोरची चिप त्या रिंगिंगचं काय करणार, हा.

हे मला शिकवलं ते एका डिस्प्ले बोर्डाने. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी तेव्हा हार्डवेअर बघायचो. एलईडीचे मार्गफलक बनवायचो, ४० सेंटिमीटर लांब दोन लेअरचा बोर्ड, त्यावर आठ ७४एचसी५९५ (प्रत्येक क्लॉकला डेटा एक घर पुढे सरकवणारे शिफ्ट रजिस्टर) एकापाठोपाठ एक, सगळ्यांना एकच क्लॉक, सुरुवातीला ७४एचसी२४५ बफर. क्लॉक १ मेगाहर्ट्झ. शेकडो बोर्ड गेले, तक्रार नाही. मग एकदा एचसी२४५ बाजारात मिळेना आणि परचेसने त्याऐवजी ७४एसी२४५ आणला. पिन जुळत होत्या, व्होल्टेज जुळत होतं, डेटाशीटवर तर तो 'अधिक जलद' होता. सही करणारा मीच.

नव्या लॉटच्या बोर्डांवर उजवीकडची अक्षरं फाटायला लागली. डावीकडचं 'स्वारगेट' स्वच्छ, उजवीकडचा आकडा एक-दोन टिंबं सरकलेला. फर्मवेअरवाल्यांवर संशय, पॉवर सप्लायवर संशय, केबलवर संशय, सगळं करून झालं. क्लॉक १०० किलोहर्ट्झवर आणला तरी तेच. तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पडला नाही. क्लॉक दहापट हळू करूनही दोष जागचा हलत नाही याचा अर्थ सेटअप टाइमचा, म्हणजे क्लॉकआधी डेटा स्थिर व्हायला लागणाऱ्या वेळेचा, प्रश्न नाही, एजचा आहे.

एचसीची एज पाच-सहा नॅनोसेकंदांची, एसीची दोनच्या आतबाहेर. बोर्ड तोच राहिला आणि ट्रेस एका रात्रीत 'लांब' झाला. बरं, दोन लेअरच्या १.६ मिलिमीटर बोर्डावर पाव मिलिमीटर रुंदीचा ट्रेस ५० ओहमचा नसतोच, तो १३० च्या आसपास असतो. त्यावर आठ आयसींचे इनपुट, प्रत्येकी साडेतीन पिकोफॅरड, म्हणजे २८. मोकळ्या ट्रेसची स्वतःची धारिता ४० सेंटिमीटरला साडेसतरा. जागोजागी टांगलेली ही धारिता लाइनचाच भाग होते. इम्पिडन्स १३० वरून ८१ वर उतरतो आणि प्रवासाचा वेळ २.३ वरून ३.७ नॅनोसेकंदांवर चढतो. एसी२४५ चा रोध १२ ओहम धरला तर पाच व्होल्टच्या क्लॉकवर टोकाला वरची उडी झाल्यावर लाइन २.२५ पर्यंत कोसळते. एचसीचा उंबरठा अडीचच्या आसपास. शेवटच्या दोन-तीन आयसी एका एजला दोनदा ढकलत होत्या.

यावर मी केलेला पहिला उपाय कुणीही करेल तोच: बफरच्या तोंडाशी ६८ ओहमचा सिरीज रेझिस्टर. ट्रेस कापला, रेझिस्टर आडवा लावला, उजवीकडचा आकडा लगेच सरळ झाला. चहा मागवला. चहा यायच्या आत 'स्वारगेट' फाटलं.

इथे सिरीज टर्मिनेशनचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ड्रायव्हरचा रोध आणि रेझिस्टर मिळून लाइनच्या बरोबरीचे होतात, त्यामुळे लाइनवर अर्धंच व्होल्टेज निघतं. टोकावर ते दुप्पट होऊन पूर्ण होतं, परतीची लाट रेझिस्टरमध्ये मुरते, खेळ खलास. टोकावर बसलेल्या रिसीव्हरला स्वच्छ पूर्ण एज दिसते. पण वाटेत बसलेल्याला आधी अर्धं व्होल्टेज दिसतं, मग परतीची लाट येईपर्यंत वाट पाहावी लागते. माझ्या पहिल्या आयसीला क्लॉक जवळपास सात नॅनोसेकंद अडीच व्होल्टवर, म्हणजे नेमका उंबरठ्यावर, उभा दिसत होता. तिथे जरा आवाज आला की झाला दुसरा क्लॉक. दोष मी उजवीकडून उचलून डावीकडे नेऊन ठेवला होता.

शेवटी टर्मिनेशन दुसऱ्या टोकाला गेलं: ८२ ओहम आणि २२० पिकोफॅरड सिरीजमध्ये, शेवटच्या आयसीच्या पुढे, ग्राउंडला. एजच्या क्षणी कपॅसिटर शॉर्टसारखा वागतो, लाइनला ८२ ओहम दिसतात, परावर्तन होत नाही. नंतर कपॅसिटर भरतो आणि करंट थांबतो. आरसी १८ नॅनोसेकंद, लाइनच्या ७.४ च्या परतफेरीपेक्षा भरपूर मोठं. १ मेगाहर्ट्झला त्यात साडेपाच मिलिवॅट जळतात. कपॅसिटर न लावता नुसते ८२ ओहम ग्राउंडला दिले असते तर क्लॉक हाय असताना ५० मिलिअँपिअरहून जास्त सतत वाहिले असते. एसी मालिकेचे ड्रायव्हर क्षणभर एवढा करंट देऊ शकतात म्हणून हे जमलं. त्याच जागी साध्या मायक्रोकंट्रोलरची पिन असती तर जमलं नसतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यात स्वस्त उपाय चौथ्या दिवशी सुचला: परचेसला सांगून पुन्हा एचसी२४५ मिळवणं. पुढचे लॉट त्यावरच गेले.

तेव्हापासून पर्यायी पार्टवर सही करताना मी पिन जुळतात का याच्या आधी एज बघतो. यात आणखी एक चोरवाट आहे. पार्ट नंबर तोच ठेवून उत्पादक आतली डाय, म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, लहान करतो. कागदावर काही बदलत नाही, डेटाशीटमधला 'मॅक्सिमम' अजूनही खरा असतो, फक्त एज निम्म्यावर येते. "पाच वर्षं चालणारा बोर्ड अचानक बिघडला" म्हणून येणाऱ्यांना मी आधी आयसीवरचा डेट कोड विचारतो.

तुमच्या बोर्डाकडे परत. तुमचा रिसीव्हर एकच आणि तो टोकाला, म्हणजे सिरीज टर्मिनेशनसाठी याहून सोयीची जागा नाही. करंट वाया जात नाही, एकच पार्ट, वर ओव्हरशूट कमी झाल्याने रेडिएशनही घटतं. किंमत काढायला लाइनच्या इम्पिडन्समधून ड्रायव्हरचा रोध वजा करायचा. चार लेअरच्या बोर्डावर खाली ०.२ मिलिमीटरवर ग्राउंड प्लेन असेल तर ०.३५ मिलिमीटरचा ट्रेस ५० ओहमच्या जवळ येतो. ड्रायव्हर २० चा असेल तर उरले ३०. ३३ लावा किंवा २७, वाद घालत बसू नका. २२ लावला तरी टोकावर ३.५९ व्होल्टच येतात, हे बहुतेक चिपच्या पुरवठा अधिक ०.३ या मर्यादेत बसतं. ड्रायव्हरचा रोध डेटाशीटमधून काढताना फसू नका. '८ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट' यावरून ५० ओहम निघतात, पण ती सगळ्यात वाईट परिस्थितीची हमी असते. टेबलावरची पिन तिच्या निम्म्याची निघते.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या सीनिअरचा ३३ ओहम इथे बरोबर ठरतो, पण योगायोगाने. हाच सर्किट दोन लेअरवर नेला तर लाइन १३० ची होते आणि ३३ ओहम लावून ड्रायव्हर ५३ वर येतो. अर्धवट टर्मिनेशन. तिथे १०० च्या आसपास लागतो. आणि ट्रेसखाली ग्राउंड प्लेन फाटलेला असेल, मधून दुसरा ट्रेस आडवा गेला असेल, तर इम्पिडन्स नावाची एक संख्याच उरत नाही, मग रेझिस्टर कुठलाही लावा. दोन लेअरवर आधी खालचं तांबं अखंड ठेवायला भांडा, मग रेझिस्टरसाठी.

'प्रत्येक ट्रेसला' हेही नको. आयटूसी बसच्या एसडीए, एससीएल या दोन लाइनींना टर्मिनेशनची गरज नाही. तिथे लाइन वर जाते ती पुलअप रेझिस्टरमधून, शेकडो नॅनोसेकंद घेत. एलईडी, रिले, बटणं, कॅरॅक्टर एलसीडीच्या डेटा लाइनी यांना हात लावू नका. एलसीडीची 'इनेबल' मात्र लांब केबलवर असेल तर ती क्लॉकच आहे, तिला सोडू नका. चिप सिलेक्टला मी नको म्हटलं कारण ती क्लॉक सुरू व्हायच्या बरीच आधी हलते आणि शांत होते. एमआयएसओ, म्हणजे फ्लॅशकडून मायक्रोकंट्रोलरकडे येणाऱ्या डेटा लाइनचा ड्रायव्हर फ्लॅश आहे, त्यामुळे तिचा रेझिस्टर फ्लॅशशेजारी. हे इतक्या वेळा चुकलेलं बघितलंय की सांगायचीही लाज वाटते: चारही रेझिस्टर छान एका ओळीत मायक्रोकंट्रोलरजवळ, दिसायला सुबक, आणि त्यातला एक रिसीव्हरच्या दारात बसून काहीच काम करत नाही.

एका क्लॉकवर दोन-तीन चिप असतील तर ट्रेस वाटेत फोडून फांद्या काढू नका. ड्रायव्हरच्या पिनपासूनच वेगळ्या फांद्या काढा, प्रत्येकीला तिचा रेझिस्टर द्या, लांबी साधारण सारखी ठेवा. दोन फांद्यांपर्यंत साधी पिन हे सहन करते, त्यापुढे क्लॉक बफर घ्या.

रेझिस्टरच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघा. बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये पिनची ताकद फर्मवेअरमधून ठरवता येते. एसटीएम३२ मध्ये त्याला 'स्पीड' म्हणतात, या नावाने घोळ होतो. लोकांना वाटतं १० मेगाहर्ट्झच्या एसपीआयला 'व्हेरी हाय' हवंच. तो आकडा क्लॉकचा नाही, एजचा आहे. एक पायरी खाली आणा, एज दोन-तीन पट मंदावते, तुमचे ९ सेंटिमीटर कदाचित आखूड होऊन जातील. फक्त यावर सगळा भरवसा टाकू नका, कारण दोन वर्षांनी कुणीतरी नवा मुलगा उदाहरणातला कोड जसाच्या तसा चिकटवेल आणि ती सेटिंग परत वर जाईल. रेझिस्टर कोणी कॉपी-पेस्ट करत नाही.

जिथे लाइन दोन्हीकडून बोलते किंवा तिच्यावर अनेक जण लटकलेले असतात तिथे टर्मिनेशन टोकांना जातं. पुण्यात गाड्यांच्या क्षेत्रात काम करत असाल तर कॅन बसचे (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या तारांच्या जोडीचे) दोन टोकांचे १२० ओहम रोज बघत असाल. पॉवर बंद करून मल्टिमीटर लावला की ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर गायब, ४० दिसले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. आरएस-४८५ चं तेच. एलव्हीडीएसला (तारांच्या जोडीवरच्या कमी व्होल्टेजच्या जलद सिग्नलला) रिसीव्हरच्या पिनांवर १०० ओहम, त्यातून साडेतीन मिलिअँपिअर वाहतात तेव्हाच ३५० मिलिव्होल्टचा सिग्नल तयार होतो. म्हणजे तिथे टर्मिनेशन हा ऐच्छिक विषयच नाही, तो सर्किटचा भाग आहे. यूएसबीच्या ४८० मेगाबिटच्या वेगाला ४५-४५ ओहम चिपच्या आतच असतात, बाहेरून काही लावू नका, फक्त जोडी ९० ओहमची ठेवा. डीडीआर मेमरीच्या डेटा लाइनींचं टर्मिनेशन डीडीआर२ पासून चिपमध्ये गेलं. तिथे स्वतःची अक्कल न चालवता कंट्रोलरच्या लेआउट गाइडप्रमाणे जा, हे मी मनापासून सांगतो.

ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये पातळ कोअ‍ॅक्सचं इथरनेट बघितलंय त्यांना टर्मिनेशन समजावून सांगावं लागत नाही. केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमच्या बीएनसी टोप्या असायच्या. कोपऱ्यातल्या मशीनमागची टोपी कुणी कुतूहलाने काढली की अख्खी लॅब बंद. सर रागावत फिरायचे आणि टोपी खिशात घेऊन फिरणारा मुलगा सगळ्यात पुढे मदतीला उभा. उलट, जुनी पीसीआय बस मात्र परावर्तनालाच कामाला लावायची. ड्रायव्हर मुद्दाम अर्धीच उडी मारायचा आणि टोकावरून दुप्पट होऊन परत येणारी लाट उरलेलं काम पुरं करायची. ३३ मेगाहर्ट्झला त्या फेरीसाठी पुरेसा वेळ होता. तेव्हा परावर्तन दिसलं की घाबरायचंच असं नाही, त्याला हिशेबात धरलंय का एवढं बघायचं.

बोर्ड आल्यावर मोजणी कशी कराल, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही, कारण टर्मिनेशनचे निम्मे 'दोष' प्रोबमध्ये असतात. प्रोबची ती मगरमिठीची १५ सेंटिमीटर ग्राउंड वायर साधारण १५० नॅनोहेन्रीची असते. प्रोबच्या १० पिकोफॅरडशी मिळून ती स्वतःच १३० मेगाहर्ट्झला वाजते. स्क्रीनवर झकास रिंगिंग दिसतं, बोर्डाचा त्यात काही दोष नसतो. वायर काढा, प्रोबच्या टोकाजवळची स्प्रिंग ग्राउंड लावा आणि शेजारच्या ग्राउंड वायाला (लेअर जोडणाऱ्या भोकाला) टेकवा. दुसरं म्हणजे, १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम ३.५ नॅनोसेकंद. तुमची १.२ ची एज तो ३.७ ची दाखवणार. तुमच्या ट्रेसचं रिंगिंग ४६० मेगाहर्ट्झच्या आसपास असेल. ते त्या स्कोपवर दिसणार नाही आणि फ्लॅशला मात्र दिसेल. ईएमसी लॅबच्या अँटेनालाही, कारण तिथे ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ सगळं तपासतात. ५०० मेगाहर्ट्झचा स्कोप उसना मिळाला तर अर्ध्या दिवसासाठी आणा.

प्रोब लावायचा तो फ्लॅशच्या पिनवर. मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला, रेझिस्टरनंतर, तुम्हाला मधोमध एक पायरी दिसेल, सुमारे एक नॅनोसेकंदाची. ती तिथे असायलाच हवी. ती बघून रेझिस्टर काढून टाकलेले लोक मी पाहिले आहेत.

आता शुक्रवारचं. गर्बर पाठवायच्या आधी एकदा फ्लॅशच हलवता येते का बघा. ९ सेंटिमीटरवर ती का आहे? कनेक्टर आडवा येतो म्हणून, की स्किमॅटिकमध्ये दुसऱ्या पानावर होती म्हणून तिकडे पडली? अडीच-तीन सेंटिमीटरच्या आत आली तर वर लिहिलेल्यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही. हलत नसेल तर ०४०२ मापाच्या तीन रेझिस्टरच्या जागा टाका, क्लॉकला ३३ ओहम भरा, दोन्ही डेटाला आत्ता शून्य ओहम. आणि एमआयएसओचं पॅड फ्लॅशकडे आहे ना, ते लेआउट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.